‘एक दिवस मला चेअरमन करा!’ : सिनेमा, मालिका आणि आपलं राजकारण

मागावरची | शनिवार, रात्री ९:४०

गेल्या रविवारी आमच्या अपार्टमेंटची वार्षिक सभा झाली, गच्चीवर. विषय एकच, पाणी. बोअर आटलंय, टँकरचे पैसे कुठून आणायचे. मी खजिनदार आहे, म्हणजे शिव्या खायचं पद माझ्याकडे. ४२ पैकी ११ फ्लॅटांनी वर्षभर मेंटेनन्स भरलेला नाही, ती यादी मी वाचत होते. तेवढ्यात मागून दुसऱ्या मजल्यावरचं पोरगं उठलं. "काकू, यादी-बिदी राहू द्या. एक दिवस मला चेअरमन करा, सगळ्यांना सुतासारखं सरळ करतो."

टाळ्या पडल्या हो! थकबाकीदारांनी तर जरा जास्तच जोरात वाजवल्या. टाळ्या ओसरल्यावर चेअरमनसाहेबांनी विचारलं, "बरं, कमिटीत दोन जागा रिकाम्या आहेत. कोण येतंय?" झालं. सगळ्यांना एकदम मोबाइलवर महत्त्वाचे मेसेज आले. पोरगं चपला शोधायला लागलं.

पोराचं वय २२. एक दिवसाच्या मुख्यमंत्र्याचा तो हिंदी सिनेमा, ‘नायक’, २००१ साली आला, तेव्हा ते जन्मलंही नव्हतं. तरी वाक्य तोंडात तयार. आणि टाळ्या वाजवणारे आम्ही पन्नाशीतले, आम्हाला तर तो सिनेमा पाठच आहे.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पोलीस ठाणं आतून मी एकदाही बघितलेलं नाही. विधानसभा नाही, मंत्र्याची केबिन नाही. कोर्टात एकदा गेले होते, वारसाच्या दाखल्यासाठी. वकील दोन मिनिटं काहीतरी पुटपुटले, साहेबांनी पुढची तारीख दिली, वर पंखा कुरकुरत होता. तरी आजही ‘कोर्ट’ म्हटलं की मला हातोडा आपटणारा न्यायाधीशच दिसतो. आपल्याकडच्या कोर्टात हातोडा नसतोच! डोळ्यांनी बघून आलेलं पुसलं गेलं आणि पडद्यावरचं राहिलं.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, तंबाखूचा ढीग, दोऱ्याचं रीळ. बोटं आपोआप चालायची, नजर टीव्हीवर. मालिकेत सुनेला छळायला लागले की आईचा वेग वाढायचा, हे आम्ही पोरांनी घड्याळ लावून मोजलं होतं. पेपर ती कधी वाचायची नाही. निवडणुकीत कुणी दारात हात जोडून गेला की दार लोटता लोटता म्हणायची, "हा फसवणार. ह्याचं हसणं त्या मालिकेतल्या थोरल्या दिरासारखं आहे." आम्ही हसायचो. आता वाटतं, आम्ही तरी काय वेगळं करतो?

माझं म्हणणं असं : सिनेमा बघून कुणी बटण बदलत नसेल. पण राजकारण म्हणजे काय, ते कसं सुधारतं, कुणी सुधारायचं, हे चित्र तिथूनच येतं. आणि त्या चित्रात पावती पुस्तक कुठंच नसतं. तुम्हाला काय वाटतं?

---

शेंगाचटणी | शनिवार, रात्री १०:०५

ताई, किस्सा झकास, निष्कर्ष ओढूनताणून. सिनेमा बघून मत देणारा एक माणूस आपल्या सोलापुरात दाखवा, माझ्यातर्फे पार्क चौकात जेवण. लोक मत देतात ते जात बघून, पाहुणे-रावळे बघून, कुणाकडून काम होईल ते बघून. सिनेमा अडीच तासांचा, त्यात अर्धा तास गाणी. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न असतो, गाडी कुठं लावली होती?

---

बे दुणे चार | शनिवार, रात्री १०:१२

चटणी, जेवण कुठलं बे? व्हेज असंल तर मी पुरावा देत न्हाय.

(जागा पकडून बसलोय. हा धागा शंभरी गाठणार.)

---

रीळवाला | शनिवार, रात्री ११:३०

मी २६ वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायच्या जमान्यापासून. टॉकीजचं नाव घेत नाही, मालकांची पोरं अजून ओळखतात. सांगायचं एवढंच की लोक पडदा बघतात, आम्ही भोकातून लोक बघायचो.

सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी मंडळी तेलुगू सिनेमाला यायची. पौराणिक असला की एन. टी. रामाराव कृष्ण होऊन पडद्यावर आले रे आले, पुढच्या रांगांतल्या बायका चपला काढायच्या. खुर्चीखाली सरकवून, अनवाणी पाय फरशीवर टेकवून बसायच्या. शेजारी कुणी शेंगा सोलत असला तर त्याला हटकायच्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय, एकदा नाही, कित्येकदा.

१९८२ साली एन. टी. आर. नी पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये मुख्यमंत्री झाले. आमच्याकडं शेवटच्या शोनंतर ह्याच गप्पा. सगळे म्हणायचे, कृष्णाला कोण हरवणार? आता इथं थोडं थांबा. नुसत्या कृष्णावर ते जिंकले म्हणणं अर्धवट आहे. दिल्लीनं तिथं पाच वर्षांत चार मुख्यमंत्री बसवले-उठवले होते, लोकांना तो अपमान वाटत होता. दोन रुपये किलो तांदळाचं वचन होतं. गाडीचा रथ करून ते गावोगाव फिरले. आणि हेच कृष्ण १९८९ ला हरले. सत्ता तर गेलीच, ज्या दोन जागांवर उभे होते त्यांतल्या एका जागेवर स्वतःही पडले.

म्हणजे पडद्यानं दार उघडून दिलं. आत गेल्यावर टिकायचं की नाही, ते तांदळानं ठरवलं. पण दार उघडणं ही काय लहान गोष्ट झाली का, शेंगाचटणी? नऊ महिन्यांच्या पक्षाला कोण दारात उभं करतं?

१९९१ मध्ये तर टीव्हीवरची सीता बडोद्यातून आणि रावण साबरकांठ्यातून, दोघंही एकाच पक्षाकडून लोकसभेत गेले. रावणसुद्धा! त्यामुळं लोक भूमिकेला मत देतात असंही सरळ म्हणता येत नाही. घरात रोज येणारा चेहरा आपला वाटतो, एवढंच मी म्हणेन.

---

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ७:५०

काका, नमस्कार. चपलांचं वाचून गप्प झालो. पण तुम्ही दिलेली उदाहरणं नटांची झाली. नट प्रसिद्ध असतो म्हणून निवडून येतो, उद्या क्रिकेटपटूही येईल. ताईंचा मुद्दा गोष्टीचा आहे. गोष्ट डोक्यात शिरून विचार बदलते, ह्याला पुरावा काय?

---

बे दुणे चार | रविवार, सकाळी ८:२०

युक्रेनचा तो झेलेन्स्की घ्या की. २०१५ पासून टीव्हीवरच्या मालिकेत मास्तरचा राष्ट्राध्यक्ष झाला. मालिकेच्या नावानंच पक्ष काढला. २०१९ ला ७३ टक्के मतं घिऊन खराखुरा राष्ट्राध्यक्ष. ह्यात नट कुठं संपला आनि गोष्ट कुठं सुरू झाली सांगा बगू. लोकांनी त्याला निवडला का त्या मास्तरला?

जेवण दोघांचं. रीळवाले काका, तुमीबी चला.

---

कुंपणावरून | रविवार, सकाळी ११:१५

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे शेंगाचटणींच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते. कंटाळा आला तर खाली सरका.

पहिली गोष्ट. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक ह्या दोघांनी २००० साली एक शोधनिबंध लिहिला. लोकांना एक कथा वाचायला दिली. काहींना सांगितलं खरी घटना आहे, काहींना सांगितलं कल्पित आहे. जे कथेत बुडून गेले त्यांची मतं कथेच्या बाजूला झुकलेली आढळली, आणि ‘कल्पित आहे’ हे आधी सांगूनही फारसा फरक पडला नाही. भाषण ऐकताना आपण हाताची घडी घालून बसतो, हा काय विकायला आलाय म्हणून. गोष्ट ऐकताना ती घडी सुटलेली असते. रीळवाले काकांच्या बायकांनी चपलांबरोबर तीही खुर्चीखाली सरकवली होती.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर काही वर्षांनी रेडिओवर एक श्रुतिकामालिका सुरू झाली. दोन गावांची भांडणं, त्यात एक प्रेमप्रकरण, वगैरे. एलिझाबेथ पालक ह्या संशोधक बाईंनी वर्षभर काही वस्त्यांना ती मालिका ऐकवली, काहींना आरोग्यावरची दुसरी ऐकवली, आणि मग फरक तपासला. २००९ मध्ये निष्कर्ष छापले. गंमत बघा, लोकांच्या मनातली मतं जवळजवळ तशीच राहिली. बदललं ते वेगळंच. ‘आपल्यात काय चालतं, शेजारीपाजारी कशाला हरकत घेत नाहीत’ ह्याबद्दलचा त्यांचा अंदाज बदलला. दुसऱ्या गटात लग्न केलेलं चालतं, वडीलधाऱ्यांशी असहमत झालं तरी चालतं. आणि त्या अंदाजाप्रमाणे वागणंही थोडं बदललं.

म्हणून मागावरचीताई, तुमच्या गच्चीवरच्या टाळ्यांकडं मी अशी बघते. त्या पोराचं वाक्य एकट्यात कुणाला विचारलं असतं तर ‘छे, असं कुठं असतं का’ म्हणाले असते. पण सगळ्यांनी तो सिनेमा बघितलाय आणि सगळ्यांनी बघितलाय हे सगळ्यांना माहीत आहे. टाळी कुठं वाजवायची ते आधीच ठरलेलं होतं.

तिसरं, आपल्याकडचं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर ह्यांनी २००१ ते २००३ मधली भारतातल्या खेड्यांची माहिती तपासली. ज्या गावांत केबल टीव्ही नव्यानं पोचला तिथं ‘नवऱ्यानं मारलं तर योग्यच’ म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्टही कमी झाला. आणि हे कुठल्या प्रबोधनानं? ज्या सासू-सुनांच्या मालिकांना आपण नाकं मुरडतो, त्या बघून. त्यातल्या बाया शहरात राहत होत्या, दागिने घालून तावातावानं बोलत होत्या, कपाटाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या.

---

मागावरची | रविवार, दुपारी १२:०२

कुंपणावरूनताई, तुमचं वाचून एक आठवलं ते लिहूनच टाकते.

विड्या कारखान्यात द्यायला गेलं की तपासणारा काही विड्या बाजूला काढायचा. ही सैल, ही वाकडी. बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत, विड्या मात्र परत नाहीत. आई वर्षानुवर्षं गप्प. एक दिवस तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "पैसे देत नाही ना, मग माझ्या विड्या माझ्या सुपात टाक." रांगेतल्या बायका बघतच राहिल्या. घरी आल्यावर आम्ही विचारलं, एवढं धाडस कुठून आलं? म्हणाली, "त्या मालिकेतली ती वकीलीण नाही का, कागद परत मागते."

आता युनियनच्या सभाही तिनं ऐकल्या होत्या, लाल बावट्याच्या मोर्चात चालली होती. श्रेय एकट्या मालिकेला देणार नाही. पण वाक्य तिला तिथं मिळालं. सभेत हक्क कळला असेल, तो बोलायचा कसा ते टीव्हीनं दाखवलं.

---

बार्शी लाइट | रविवार, दुपारी २:४०

ताई, विडी आणि गोष्ट ह्यांचं नातं तुमच्या घरापेक्षा जुनं आहे! क्युबात हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक माणूस उंचावर बसून कामगारांना वाचून दाखवायचा. पगार त्याला कामगारच वर्गणी काढून द्यायचे. वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या, दोन्ही. वर्षभरातच, १८६६ मध्ये, स्पॅनिश सरकारनं त्यावर बंदी घातली, कारण ऐकता ऐकता कामगार शहाणे व्हायला लागले. पुढं वाचन परत सुरू झालं. तिथले काही प्रसिद्ध सिगार आजही कादंबरी-नाटकांतल्या पात्रांच्या नावानं विकले जातात.

आपल्याकडं म्हणाल तर खाडिलकरांचं ‘कीचकवध’. १९०७ साली रंगभूमीवर आलं. महाभारतातलं कथानक, त्यात इंग्रजाचं नाव नाही की गाव नाही. पण कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, समजुतीनं घेणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या माणसालाही कळत होतं. १९१० मध्ये सरकारनं बंदी घातली. गोष्टीनं काही होत नसतं तर साहेबानं एवढा त्रास कशाला घेतला असता? नाटकांना लगाम घालायला तर त्यांनी १८७६ मध्येच कायदा करून ठेवला होता.

आणि आमच्या बार्शीचे अमर शेख विसरू नका. १९१६ चा जन्म. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर आणि ते जिथं डफावर थाप मारायचे तिथं पुढाऱ्याच्या भाषणाआधीच मैदान भरलेलं असायचं. वगनाट्यात सावकार, पुढारी, शिपाई, सगळी सोंगं. लोक हसायचे आणि हसता हसता कोणाची बाजू घ्यायची ते ठरून जायचं. (अवांतर : आमची ‘बार्शी लाइट’ नॅरोगेज रेल्वे बंद झाली तरी आयडी सोडणार नाही.)

---

शेंगाचटणी | रविवार, दुपारी ३:१५

बार्शीवाले, चळवळीतलं नाटक वेगळं. ते करणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा प्रचार आहे. माझा आक्षेप अजून उभा आहे : लोक आपल्याला हवं तेच बघतात. सिनेमा काही शिकवत नाही, आधीचंच घट्ट करतो.

---

जेऊरचा | रविवार, सायंकाळी ५:३०

चटणी भौ, ह्या वेळी तुमच्या बाजूनं.

२०१६ ला आमच्या तालुक्यातलं ते प्रेमप्रकरण पडद्यावर आलं, नागराज मंजुळेंचा ‘सैराट’. अख्ख्या देशानं डोक्यावर घेतला. आम्ही तर आपली माती, आपली बोली पडद्यावर बघून येडे झालो होतो. मी तीनदा बघितला. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शेवट ठाऊक होता, म्हणून पडद्याकडं न बघता रांगेकडं बघत बसलो. माझ्या डाव्या हाताला एक पोरगी तोंडावर ओढणी धरून थरथरत होती. उजव्या हाताला दोन बाप्ये. थेटरात चिडीचूप, आणि त्यातला एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "ह्येच व्हायचं असतं, मग."

त्या ‘ह्येच व्हायचं असतं’ मध्ये हळहळ होती का समाधान होतं, मला आजवर कळलं नाही. पण दिग्दर्शकानं त्याच्यासाठी जो चटका ठेवला होता, तो त्यानं वेगळ्याच खिशात घातला, एवढं नक्की.

---

कुंपणावरून | रविवार, सायंकाळी ६:१०

जेऊरचा, काटा आला अंगावर.

हे नोंदवलं गेलेलं आहे. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली, १५६ भाग. हेतू उघड होता, कुटुंबनियोजन आणि बायकांचा मान. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन समजावून सांगायचे. त्यातली आई, भागवंती, मुकाट सोसणारी. अशी होऊ नका, म्हणून ती दाखवली होती. आणि पुढं अभ्यासकांनी बायकांना विचारलं तर कित्येकींनी आदर्श म्हणून तिचंच नाव घेतलं!

अमेरिकेतही असंच. १९७० च्या दशकात एका विनोदी मालिकेत काळ्यांना, परक्यांना नावं ठेवणारा एक बाप होता. टिंगल त्याचीच चाललेली. विडमार आणि रोकीच ह्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना तोच आवडत होता, वादात तोच जिंकतो असं वाटत होतं.

तरी शेंगाचटणींचं पूर्ण पटत नाही. आधीचं घट्ट करणं हाही परिणामच की. सैल विडी आणि घट्ट विडी ह्यांत फरक असतो, विचारा मागावरचीताईंना.

---

खाकी घरातली | रविवार, रात्री ८:४५

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. वडील पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले.

६ डिसेंबर २०१९. हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पहाटे पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. लोकांनी पुलावरून पोलिसांवर फुलं उधळली. आमच्या फॅमिली ग्रुपवर पण फटाके, हात जोडलेले, सिंह, काय काय. मीसुद्धा एक अंगठा टाकला, खोटं कशाला बोलू. वडिलांनी फोन बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाले, "पंचनामा कुणी लिहिला असेल?"

मग त्यांनी त्यांच्या एका पंचनाम्याचं सांगितलं. तुळजापूर रोडवर रात्रीचा अपघात. हातात बॅटरी, कार्बन घातलेला कागद सायकलच्या सीटवर ठेवून लिहिताहेत. रस्त्याच्या कडेपासून मृतदेह किती अंतरावर, डोकं कुठल्या दिशेला, चप्पल एकच मिळाली, दुसरी शोधली, मिळाली नाही असं लिहिलं. पंच म्हणून कुणी थांबेना, एका चहावाल्याला हातापाया पडून थांबवलं. चार तास. "हे चार तास कुठल्याच सिनेमात नसतात," म्हणाले. "सिनेमातला इन्स्पेक्टर गाडीतून उतरतो तेव्हाच त्याला गुन्हेगार कोण ते माहीत असतं. प्रेक्षकांनाही माहीत असतं, कारण त्यांनी खून होताना बघितलेला असतो. आम्ही कुणीच बघितलेला नसतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पडद्यावर आपण साक्षीदार असतो, म्हणून तिथं कोर्ट फालतू वाटतं.

त्या हैदराबाद प्रकरणात सुप्रीम कोर्टानं न्यायमूर्ती सिरपूरकरांचा आयोग नेमला. २०२२ मध्ये त्यांचा अहवाल आला : आरोपींवर जीव घेण्याच्याच हेतूनं गोळ्या झाडल्या गेल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा. ह्यावर ग्रुपवर एक मेसेज आला नाही.

---

बार्शी लाइट | रविवार, रात्री ९:२०

खाकीताई, तुमच्या वडिलांना सलाम.

ह्याला जोडूनच. अमेरिकेत अतिरेक्यांना छळून माहिती काढणाऱ्या नायकाची एक मालिका होती, घड्याळ टिकटिकतंय, बॉम्ब फुटणार, मारलं की दोन मिनिटांत माणूस बोलतो. २००६ मध्ये त्यांच्या वेस्ट पॉइंट ह्या लष्करी अकादमीतले एक जनरल, पॅट्रिक फिनेगन, त्या मालिकेच्या निर्मात्यांना जाऊन भेटले. म्हणाले, आमच्या कॅडेटना छळ बेकायदा आहे हे शिकवणं तुमच्यामुळं अवघड झालंय. वेस्ट पॉइंटच्या पोरांची ही गत, तर आपण दुसऱ्या मजल्यावरच्या पोराला काय म्हणणार?

---

संपादक | रविवार, रात्री ९:४५

‘सैराट’च्या अनुषंगाने आलेले तीन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. जातींवर घसरू नये. धागा चांगला चालला आहे, तसाच चालू द्यावा.

---

बे दुणे चार | रविवार, रात्री ९:५२

आमचा एक दोस्त, हुशार मानूस, त्या उडवलेल्या तीन प्रतिसादांतले दोन त्याचे होते. सिनेमा आवडला का न्हाय विचारलं तर म्हनला लई आवडला. काय बोलायचं बे आता.

---

रीळवाला | रविवार, रात्री १०:३०

खाकी पोरीचं वाचून एक विचार आला. आम्हाला रीळ बदलायला काही सेकंद मिळायचे. कोपऱ्यात खूण दिसली की दुसरं मशीन चालू करायचं. चुकलं की पडदा पांढरा आणि पब्लिक शिट्ट्या मारणार. बदल बरोबर झाला तर मध्ये काही जोड आहे हे कुणाला कळतही नसे. तो जोड लपवणं हीच आमची नोकरी होती. सिनेमा ज्या गोष्टी गाळतो त्याही अशाच लपतात.

दुसरं, आपल्या कोटणीसांचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९१० चा जन्म, आपल्या सोलापूरचे. १९३८ साली युद्धातल्या जखमींच्या मदतीला चीनला पाच डॉक्टर गेले होते. पाचांची नावं सांगा म्हटलं तर सांगता येतील का इथं कुणाला? एकच येतं. शांतारामबापूंनी १९४६ मध्ये कोटणीसांवर सिनेमा काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. मी शाळेतल्या पोरांना स्मारकात फोटो बघताना ऐकलंय, "हे कोटणीस वाटत नाहीत." खरा माणूस सिनेमातल्यासारखा दिसत नाही म्हणून खोटा!

---

शेंगाचटणी | रविवार, रात्री १०:४१

काका, कोटणीस तिथंच गेले, १९४२ मध्ये, वय ३२. बाकीचे परत आले. नाव राहिलं ते त्यामुळंही असेल ना.

---

रीळवाला | रविवार, रात्री १०:४४

असेल. पण सिनेमाला मरणारा नायकच लागतो, हेही खरं. परत येऊन दवाखाना उघडणाऱ्यावर कोण तिकीट काढतंय?

---

मागावरची | सोमवार, सकाळी ६:३०

काकांनी सगळं ह्या एका वाक्यात आणून ठेवलं. परत येऊन दवाखाना उघडणारा.

माझी मावशी सोलापूरजवळच्या कुंभारीला राहते, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी वळणाऱ्या बायकांसाठी १० हजार घरं, २००६ मध्ये वाटली. कामगार पुढारी आडम मास्तर आणि त्यांच्या युनियनच्या मागं ह्या बायका किती वर्षं फिरल्या, त्याचा हिशोब मावशीकडे पिशवीत आहे. अक्षरशः पिशवी. अर्ज, पोचपावत्या, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, बँकेचा कागद, मोर्चाला गेल्याच्या दिवसाची विड्या न वळल्याची खाडे-नोंद. मी एकदा म्हटलं, मावशी, आता फेक की, घर मिळालं. म्हणाली, "हेच तर घर आहे, भिंती नंतर आल्या."

ह्यावर सिनेमा निघाला तर तो कसा असेल, ते मला आत्ताच दिसतंय. एक नायक मंत्र्याच्या केबिनचं दार लाथेनं उघडेल आणि मावशी मागं गर्दीत टाळ्या वाजवत असेल. मावशीलाही तो आवडेल, हे लिहून ठेवा. ती म्हणेल, "आमचं असंच झालं होतं."

---

कुंपणावरून | सोमवार, सकाळी ७:१०

"आमचं असंच झालं होतं." वर्गात सांगू का हे? नाव न घेता.

---

मागावरची | सोमवार, सकाळी ७:१४

सांगा की.

---

शेंगाचटणी | सोमवार, सकाळी ९:००

पूर्ण हरलो असं म्हणणार नाही. पण काल रात्री बायकोबरोबर एक पोलिसी सिनेमा बघत होतो, आणि पहिल्यांदाच मनात आलं की पंचनामा कुणी केला? बायको म्हणाली, गप बसा आणि बघू द्या. खाकीताई, माझी करमणूक खराब केल्याबद्दल तुमचाही पार्क चौकात नंबर लागला.

बे दुणे चार, शुक्रवारी ८ वाजता. नॉनव्हेज.

---

बे दुणे चार | सोमवार, सकाळी ९:०१

हौ!! आता कसं बोललात.

ताई, त्या चेअरमन पोराचं फुडं काय झालं ते सांगा की. तिकडंच जीव अडकलाय.

---

मागावरची | सोमवार, रात्री ९:२०

झालं ते असं. चेअरमनसाहेबांनी त्याला घरी बोलावून घेतलं आणि म्हणाले, एक दिवस कशाला, महिनाभर पाण्याचं खातं तुझं. पोरानं होही म्हटलं. काल पहाटे साडेपाचला टँकर आला. पोरगं खाली हजर, हे कबूल करायला पाहिजे. मला फोन, "काकू, व्हॉल्व्ह कुठला फिरवायचा?" मी खाली जाऊन दाखवला. पाइप टाकीत धरून अर्धा तास उभं राहिलं, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. थकबाकीची यादी मागून घेतली, घडी घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्याची रील आली. पंधरा सेकंद. टाकीकडं पाठमोरा चालत जातोय, स्लो मोशन, मागं ढोलांचं म्युझिक, शेवटी वळून कॅमेऱ्याकडं बघतो. व्हॉल्व्ह फिरवणारा हात माझा आहे, तेवढा कापलाय.

आत्तापर्यंत ३१ लाइक. अकरा थकबाकीदारांपैकी सात जण त्यात आहेत. पावती पुस्तक घेऊन मी आज दिवसभर घरीच होते.